दगडूबाईंची टाळी

बाळ झालेल्या घरी दगडूबाई बधाईला आल्या की लगेच नाचगाणं सुरू होत नसे. त्या आधी ओट्यावर बसत, पदराला हात पुसत, बाळाला मांडीवर घेत आणि झबल्याची बाही वर सरकवून त्याचा दंड बघत. टोचल्याची खूण दिसली की ढोलकीवालीकडे बघून मान हलवत, मग टाळी आणि गाणं. खूण दिसली नाही तर बाळ परत आईच्या ओटीत जाई. "टोचून आना, मंग येते मी," एवढं म्हणून त्या उठत. घरची म्हातारी फाटकापर्यंत मागे धावत जाई, कारण दारी आलेला हिजडा आशीर्वाद न देता परत गेला, ही गोष्ट आमच्या भागात कुणालाच सोसणारी नव्हती.

मी तेव्हा चुडाव्याच्या पुढच्या स्टेशनाच्या गावी सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. लसीकरणाची जीप गावात शिरली की बाया लेकरांना धान्याच्या कणगीमागे लपवत. आम्ही घसा कोरडा करून दमायचो. आणि ही बाई एक शब्द जास्त न बोलता, नुसती आशीर्वाद अडवून धरून आमच्याकडे आया पाठवायची. मी एकदा त्यांचे आभार मानायला गेले तर त्यांनी मला उडवून लावलं. "तुमच्यासाठी करीत न्हाई मी, शिस्टरबाई. मी आशीर्वाद देऊन आले अन् म्होरल्या महिन्यात लेकराला गोवर-बिवर निघाला, तर लोक काय म्हनतील? दगडूबाईचा आशीर्वाद लागला न्हाई. धंद्याची इज्जत हाय का न्हाई आमच्या?"

त्यांच्या घरात टोचून घेण्याची ही शिस्त कशी शिरली, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ते सांगण्याआधी बाई कशा होत्या ते सांगते. उंच, हाडापेराने मजबूत, रंगाने काळ्याभोर. अंगावर कायम हिरवं नाहीतर जांभळं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पायात चांदीचे जाड तोडे आणि तोंडात पान. आज तृतीयपंथी असा शब्द वापरतात, तेव्हा आमच्याकडे तो कुणी ऐकला नव्हता. लोक तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे काय वाटेल ते म्हणत. नावाचं विचारलं तर बाई हसायच्या. "मायबापानं दगडू ठिवलं. गुरूकडं आले तवा गुरू म्हनली, नवं नाव घे, चमेली घे, गुलाब घे. मी म्हनलं, कशाला? म्होरं बाई लावा, झालं काम." चुडाव्याच्या स्टेशनामागे त्यांचं पत्र्याचं घर होतं आणि त्यात त्यांच्या पाच-सहा चेल्या राहत. चेली म्हणजे लेक, सून आणि शिष्य असं सगळं एकात. गुरूने पहिला घास घेतल्याशिवाय चेली घास घेणार नाही, गुरूने पहिला पेला तोंडाला लावल्याशिवाय चेली पाणी पिणार नाही, असा त्या घराचा कडक रिवाज होता.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. एके सकाळी पॅसेंजरने दगडूबाई आमच्या दवाखान्यात आल्या. सोबत लाली नावाची त्यांची सगळ्यांत आवडती चेली होती, पंचविशीची, लंगडत चालणारी. चुडाव्याच्या फलाटावर तिच्या पोटरीला कुत्रं चावलं होतं. जखमेत तिखट आणि चुना गच्च भरलेला. कुत्रं पिसाळलेलं होतं असं लोक म्हणत होते आणि लोकांनी ते मारूनही टाकलं होतं.

आमच्या दवाखान्याला लांब ओसरी होती. मधल्या खांबाच्या अलीकडे बाया बसत, पलीकडे गडी. बायांना पडद्याआड मी सुई द्यायची, गड्यांना ओसरीतच कंपाउंडर. दगडूबाई आधी गड्यांकडे गेल्या तर तिथे खिदळणं सुरू झालं. एकाने लालीचा पदर ओढून पाहिला. मग त्या बायांकडे आल्या, तर काशीबाई नावाची चुडाव्याचीच एक शेतकरी बाई, नातवाला घेऊन बसलेली, सरसावून बसली. "हितं बायांचं हाय," ती म्हणाली.

दगडूबाईंनी रागाचा एक शब्द काढला नाही. "काशे, मला काय लय हौस न्हाई तुमच्यात बसायची. पन तिकडचे गडी मला बाई समजायलेत अन् तू मला गडी समजायलीस. आता ही पोरगी चावून घेऊन बसलीय. तिनं काय छपरावर बसावं?" असं म्हणून त्यांनी काखेतलं पोतं काढलं, बरोबर मधल्या खांबाशी अंथरलं आणि दोघी त्यावर बसल्या.

मी उठून दोघींना पडद्याआड घेतलं. डॉक्टरसाहेब नवे होते, लाजाळू होते, त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान डोलावली. जखम साबणाने धुता धुता मी लालीला सांगितलं की चौदा सुया घ्याव्या लागतील, रोज एक, पोटात, आणि मध्ये खंड चालणार नाही. त्या काळात कुत्र्याच्या चौदा इंजेक्शनांचं नाव काढलं तरी धडधाकट माणसं पळत. लाली रडायला लागली. दगडूबाईंनी तिची वेणी हातात धरली. "घे म्हनले की घे. कुत्र्याचं इख उतराया सात हिरीत डोकावून आलोत ना काल? ते बी केलं, हे बी करू. दोन्हीकडून बंदोबस्त असलेला बरा."

रोज सकाळच्या पॅसेंजरने दोघी यायच्या. तीन-चार दिवसांत लालीचं पोट सुजून दुखायला लागलं आणि तिने नाटकं सुरू केली. एके दिवशी गाडी चुकली म्हणाली, एके दिवशी ताप आला म्हणाली. दगडूबाई तिला दंडाला धरून ओढत आणायच्या. मला मजा वाटायची ती एका गोष्टीची. गुरूला कुणाला हाक मारायची असली की त्या लालीला कोपर मारत. "लाले, वाजव." मग लाली टाळी वाजवायची, तीही रडता रडता. दगडूबाई स्वतः कधी टाळी वाजवत नसत. डावा हात त्यांचा सदा पदराआड असे. मला वाटलं, मोठ्या गुरूंची अशीच रीत असेल, टाळीसुद्धा चेल्यांकडून.

आठवड्याभराने काशीबाई पुन्हा आली, या वेळी नातवासाठी नाही. तिच्या वासराला तेच कुत्रं लालीच्या आठ-दहा दिवस आधी चावलं होतं. वासरू लाळ गाळायला लागलं, पाणी पिईना, तेव्हा घशात काही अडकलं असेल म्हणून तिने मनगटापर्यंत हात त्याच्या तोंडात घातला होता. त्याचे दात तिच्या बोटांना लागले होते. वासरू आदल्या दिवशी मेलं होतं.

"कुत्रं पिसाळलेलंच व्हतं की मंग," ती मला म्हणाली. मग खांबाशी पोत्यावर बसलेल्या दगडूबाईंकडे तिचं लक्ष गेलं. "हिनं तर उघड्या हातानं जबडा उचकटला त्याचा. पोरीची पोटरी सोडंना म्हून. समद्या फलाटानं बघितलं. हिला न्हाई का सुई?"

मी सरळ जाऊन दगडूबाईंचा पदर बाजूला केला. अंगठ्याच्या मुळाशी तळहात टम्म फुगलेला, दोन दातांच्या खुणा, वर हळदीचा थर. म्हणून टाळी वाजत नव्हती. आठवडा असाच गेला होता. एवढे दिवस ही बाई दुसरीला ओढून आणत होती आणि स्वतः त्याच विषाची पुडी पदराआड घेऊन बसली होती.

"कामून न्हाई सांगितलं?" लालीने विचारलं. तिलाही माहीत नव्हतं. गुरूच्या अंगाकडे चेली बघत नाही आणि गुरूला खोदून विचारतही नाही.

दगडूबाई मला आत घेऊन गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "शिस्टरबाई, ही पोटावर सुई हाय. लुगडं सोडावं लागतं. गुरू झाल्यापून माझं आंग कुनी बघितलं न्हाई, चेल्यांनी न्हाई, देवानं बी बघितलं का मालूम न्हाई. लहान असताना दवाखान्यात एकदा नेलं व्हतं मला. चार जनांनी हसून हसून बघितलं. तवाच ठरवलं, मेले तर मेले, पन उघडी व्हनार न्हाई. माझं काय, मी म्हातारी. पोरीचं पुरं करा."

मी समजावलं, रागावले, डॉक्टरसाहेबांनी लाजत लाजत पिसाळल्यावर माणूस कसं मरतं ते सांगितलं. बाई ऐकेनात. त्यांचं ठरलं होतं. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्यासाठी रडूही येत होतं, आणि या दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

बाहेर लालीची पाळी आली. मी हाक मारली तर ती जागची हलेना. खांबाला पाठ लावून मांडी ठोकून बसली.

"लाले, ऊठ," दगडूबाई म्हणाल्या.

"न्हाई उठत."

"लय झालं तुझं. ऊठ म्हनले ना."

"गुरूनं घास घेतल्याबिगर चेलीनं घ्यायचा न्हाई," लाली खाली बघून म्हणाली. "तुमीच शिकवलं. इतके दिवस मला मालूम नव्हतं तुमाला बी चावलंय, म्हून मी घेतली. माझ्याकडून पाप झालं ते झालं. आता मालूम पडलं. आता तुमच्या आधी मी कशी घेऊ?"

गड्यांच्या बाजूचं खिदळणं थांबलं. दगडूबाईंनी लालीला शेलक्या शिव्या दिल्या, दख्खनी उर्दूत आणि मराठीत आलटून पालटून. लालीने सगळ्या खाली मान घालून ऐकून घेतल्या आणि ती बसून राहिली. रिवाज तिच्या बाजूने होता आणि तो मोडला असता तर दगडूबाईंच्या घराचा खांबच निखळला असता. हे त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

तेवढ्या वेळात मला एक सुचलं. टाके घालताना जखमेभोवती पांघरायचं एक कापड आमच्याकडे असे, मधोमध तळहाताएवढं भोक असलेलं. ते मी पेटीतून काढून दगडूबाईंपुढे धरलं. "हे वरून टाकते. मला एवढंच दिसेल. पडद्याआड मी एकटी असेन. लुगडं तुम्हीच सैल करा, तुम्हीच आवरा."

त्यांनी ते कापड हातात घेऊन उलटंपालटं केलं, भोकातून माझ्याकडे बघितलं. "एवढुसंच?"

"एवढंच."

"मंग चला. त्या रांडेला सांगा, तिच्यासाठी घ्यायलेय मी." डोळे घट्ट मिटून त्या टेबलावर आडव्या झाल्या. सुई घेताना तोंडातून आवाज काढला नाही. उठून लुगडं सारखं केलं, पडदा सरकवला आणि बाहेर जाऊन लालीला म्हणाल्या, "घेतला घास. आता गिळ तू."

त्या दिवसापासून हाच क्रम. आधी गुरू, मग चेली, मग काशीबाई. काशीबाई आता खांबाशी त्या पोत्यावरच बसायला लागली, कारण बायांच्या बाजूला दार होतं आणि गार वारा लागायचा, असं ती म्हणे. कुणी तिला विचारलं नव्हतं.

लालीचा कोर्स आधी संपला. मला धास्ती पडली ती त्यानंतरची. आता दगडूबाईंना ओढून आणणारं कुणी उरलं नव्हतं, आणि त्यांच्या बऱ्याच सुया बाकी होत्या. पण त्या येत राहिल्या. कधी लाली सोबत असे, कधी नसे. भोकाचं कापड त्या स्वतः पेटीतून काढून घेत. "माझा पडदा घेते," असं म्हणत.

ते विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. बंद पुकारला की एसटी उभी राही आणि कधी गाडीही अडे. तसा एक बंद नेमका त्यांच्या शेवटच्या दिवसांत आला. सकाळची पॅसेंजर आलीच नाही. कंपाउंडर म्हणाला, "आज कुणी येत नाही सिस्टर, कुलूप लावू." मी म्हटलं, दुपारपर्यंत बसू. त्यात काशीबाईची अजून एक काळजी होती. तिच्या घरचे सगळे ऊसतोडीला जाणारे, टोळीचा ट्रक निघायला आला होता, आणि तिच्या नवऱ्याने सांगून ठेवलं होतं की ट्रक आला की सुया बंद.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा रुळांच्या बाजूने दोन लुगडी दिसली. पुढे जांभळं, मागे नऊवारी हिरवं. दगडूबाई तोडे काढून हातात घेऊन खडीवरून चालत आल्या होत्या आणि त्यांच्यामागे काशीबाई धापा टाकत होती.

"ट्रकचं काय झालं?" मी काशीबाईला विचारलं.

"ही दारात येऊन उभी ऱ्हायली," ती म्हणाली. "मालक पायली भरून जवारी घेऊन आले हिला द्यायला. घेईना. पैसे दिले, घेईना. म्हनती, मला तुझी बायकू पाह्यजे, सुई पुरी होईस्तवर. हिला माघारी कसं धाडावं? सकाळच्या पारी, कामाला निघायच्या टायमाला? मालकांनी टोळीवाल्याला सांगितलं, माझी मानसं मागून येतील."

"मी काय वंगाळ मागितलं का?" दगडूबाई घाम पुसत म्हणाल्या. "बायकू जिती ऱ्हायली तर ऊस तोडील. पानी द्या शिस्टरबाई, आधी तिला द्या, लय मऊ पायाची हाय ती." मी दोघींना पाणी दिलं. त्या दिवशी त्या दोघींसाठीच आमचा दवाखाना उघडा राहिला होता.

शेवटची सुई झाली त्या दिवशी लाली मुद्दाम आली होती, काशीबाई आपलं संपवून थांबली होती. दगडूबाई पडद्याबाहेर आल्या. मी म्हटलं, "झालं. पुरं झालं. आता मोकळ्या तुम्ही."

"पुरं?" त्यांनी परत विचारलं. मी मान हलवली. "लोक आमाला अर्धं म्हनतेत, शिस्टरबाई. ऐकून ऐकून मला बी तसंच वाटाया लागलं व्हतं. येक काम तरी पुरं केलं आमी." मग त्यांनी डावा हात पदरातून काढला, तळहात उघडून बघितला, बोटं हलवून पाहिली आणि टाळी वाजवली. मी एवढे दिवस त्यांना ओळखत होते आणि त्यांची टाळी पहिल्यांदा ऐकली. ओसरीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. एका बाईच्या कडेवरचं लेकरू दचकून रडायला लागलं. दगडूबाईंनी त्याला उचलून घेतलं, त्याच्या दंडावर मी नुकतंच टोचलेलं होतं ते बघितलं आणि विचारलं, "ह्याला बी पुन्यांदा यावं लागतं का?" मी म्हटलं, कुठली लस एकदाच, कुठली पुन्हा पुन्हा. "आन माय ह्याची पुन्यांदा येती का?" मी म्हटलं, बहुतेक येत नाहीत. "हां," त्या म्हणाल्या आणि विचारात पडल्या. बधाईला दंड बघायचं त्यानंतरच सुरू झालं.

त्यांच्या घरच्या सगळ्या चेल्या पुढे माझ्याकडे धनुर्वाताची सुई घ्यायला आल्या, एका ओळीत, पुढे गुरू. दर वेळी पहिली सुई दगडूबाईंची. मी म्हणे, तुमची झाली आहे, गरज नाही. मग त्या म्हणत, "मंग नुसता कापूस चोळा माझ्या दंडाला, पन आधी माझ्या." मी स्पिरिटचा बोळा चोळत असे, मागच्या चेल्या निमूटपणे बाह्या वर करत. आमच्या दवाखान्यात पहिली घेऊन दुसरी बुडवणारे ढीगभर होते, पण स्टेशनामागच्या त्या पत्र्याच्या घरातलं कुणी कधी बुडवल्याचं मला आठवत नाही. ओसरीत त्यांच्यासाठी वेगळी जागा अशी कुणी ठरवली नाही. खांबाजवळ पोतं अंथरलेलं असे आणि ज्याला जागा मिळेल तो तिथे बसे.

मग माझी जिंतूर तालुक्यात बोरीला बदली झाली. निरोपाला दगडूबाई स्टेशनवर आल्या होत्या. माझ्या ओटीत त्यांनी नारळ घातला आणि म्हणाल्या, "तुमच्यासारखं कुनी आमाला बघितलं न्हाई." मी म्हटलं, मी तर तळहाताएवढंच बघितलं. त्या खदाखदा हसल्या, गाडी सुटेपर्यंत हसत होत्या.

नामांतर झालं त्या वर्षीची गोष्ट. बोरीच्या दवाखान्यात सकाळी गर्दी होती आणि दारात टाळी वाजली. मी आशेने वर बघितलं, तर लाली. अंगाने भरली होती, केसांत एखादी पांढरी बट. मागे एक नवीन चेली, पायात खिळा घुसलेला. "लांबून आले शिस्टरबाई. पोरगी म्हनली जवळच्या दवाखान्यात जाऊ. मी म्हनलं, पहिली सुई आपल्या शिस्टरच्या हातची."

मी धनुर्वाताची सुई भरली आणि त्या चेलीला बाही वर करायला सांगितलं. तिने केली नाही. ती लालीकडे बघत उभी राहिली. आणि लालीने खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसली आणि आपल्या पोलक्याची बाही वर केली.

तेव्हा माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. पायात चांदीचे जाड तोडे होते.

"कधी?" मी विचारलं.

"पाडव्याच्या आधी. झोपेतच. काय तरास न्हाई." लालीने डोळे पुसले, दंड पुढे केला. "टोचा. आता माझ्यावर हाय."

मी तिला सुई दिली, मग तिच्या चेलीला. उठताना लालीने विचारलं, "दुसरी कवा?" मी म्हटलं, महिन्याने. ती गेल्यावर मी आत जाऊन थोडा वेळ बसले. दगडूबाई गेल्याचं वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं, आणि तरी मन भरून होतं.

महिन्याने बाजाराच्या दिवशी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. लेकरं रडत होती, कंपाउंडर ओरडत होता. त्या कालव्यात फाटकापाशी टाळी वाजली. मी मान वर केली नाही. दोन सिरिंजा उकळायला टाकल्या.